माती धुणारीं झाडें

कपडा मळला तर तो धुतां येतो. पाणी गढूळ झालें तर त्यांत तुरटी फिरवून तें निवळून घेतां येतें. परंतु पायाखालची जमीनच मळली, तर ती कोणत्या घाटावर न्यावी आणि कशानें धुवावी? मळ कुजणारा असला तर प्रश्न अवघड नाहीं. शेण, पालापाचोळा, भाजीचीं देंठें यांचें मातींतले सूक्ष्म जंतु कांहीं महिन्यांत खत करून टाकतात. शिसें, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांची गोष्ट निराळी आहे. हीं मूलद्रव्यें आहेत. तीं कुजत नाहींत आणि जाळल्यानें नाहींशीं होत नाहींत. मातींत पडलेला शिशाचा कण शंभर वर्षांनींहि शिसेंच राहतो. त्याला एका जागेवरून दुसऱ्या जागीं हलवितां येतें, किंवा आहे त्या जागीं जखडून ठेवितां येतें. तिसरा मार्ग निसर्गानें ठेवलेला नाहीं.

या दोन कामांसाठीं झाडांचा उपयोग करून घेण्याची विद्या गेल्या तीन-चार दशकांत वाढीस लागली आहे. तिचें शास्त्रीय नांव ‘फायटोरेमेडिएशन’. मराठींत तिला ‘वनस्पतिशोधन’ म्हणतां येईल. खाणींतून निघालेल्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर आणि कारखान्यांभोंवतालच्या जमिनींवर तिचे प्रयोग जगभर चालू आहेत. या विद्येविषयीं अधूनमधून जें छापून येतें, त्यावरून असा समज होतो कीं, योग्य तीं झाडें लावलीं कीं जमीन आपोआप निर्मळ होते. हा समज अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्या समजांत जो धोका असतो तो यांतहि आहे. चेंबूरसारख्या वस्तींत राहणाऱ्या कुटुंबांनीं तो नीट ओळखून घेणें अगत्याचें आहे.

चेंबूरच्या जमिनीचा इतिहास थोडक्यांत असा. हल्लीं ज्याला ट्रॉम्बे म्हणतात त्या तुर्भें बेटाच्या तोंडाशीं हें गांव वसलेलें. एके काळीं भोंवतीं भातशेती, मिठागरें आणि खाडीचा चिखल एवढेंच होतें. १९२७ सालापासून शेजारच्या देवनार येथें मुंबई शहराचा कचरा पडूं लागला, आणि ती कचराभूमि वाढत वाढत १३२ हेक्टरांची झाली. १९५४ व १९५५ सालीं माहुलच्या बाजूस तेल शुद्ध करण्याचे दोन मोठे कारखाने सुरू झाले. १९५६ सालीं विजेचें केंद्र आणि १९६५ सालीं खताचा कारखाना आला. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील औद्योगिक वस्त्यांची जी मोजदाद केली, तींत चेंबूरास १०० पैकीं ६९.१९ गुण पडले. या परीक्षेंत अधिक गुण मिळणें म्हणजेच नापास होणें होय. ७० च्या वर गेलेल्या वस्त्या सर्वांत चिंताजनक ठरल्या, आणि चेंबूर त्या रेषेच्या पुरतें एका गुणानेंहि खालीं नव्हतें.

चेंबूरांत धातूची खाण नाहीं हें खरें. तरीहि खाणीच्या जमिनीविषयींचें ज्ञान येथें उपयोगी पडतें, कारण शहराची कचराभूमि ही एका अर्थानें उलटी खाण असते. खाणींत माणूस जमिनीच्या पोटांतला धातु उकरून वर काढतो; कचराभूमींत तोच धातु जुन्या बॅटऱ्या, रंगांचे डबे, नळीचे दिवे आणि मोडकीं यंत्रें यांच्या रूपानें जमिनीस परत जातो. फरक इतकाच कीं, खनिजाच्या रूपांत तो दगडांत बांधलेला असतो, आणि परत जातो तेव्हां पावसाच्या पाण्याबरोबर हिंडावयास मोकळा असतो. रस्त्यांच्या कडेच्या मातींतहि अशी शिल्लक आहे. शिसें घातलेल्या पेट्रोलची विक्री देशभरांत १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाली. परंतु त्यापूर्वीं गाड्यांच्या धुरांतून जें शिसें मातींत उतरलें, तें त्या आज्ञेनें मातींतून उठून गेलें नाहीं.

आतां झाड हें काम कसें करतें तें पाहूं. मुळांना लोह, जस्त, तांबें, मँगनीज हे धातु थोड्या प्रमाणांत हवेच असतात. त्यांच्या शोधांत मुळांच्या टोंकांतून सौम्य आंबट रस पाझरतात. त्या रसांच्या योगानें मातीच्या कणांना चिकटलेला धातु सुटतो आणि पाण्याबरोबर आंत येतो. मुळाच्या दाराशीं ओळख पटविण्याची जी व्यवस्था असते, ती मात्र फारशी काटेकोर नसते. कॅडमियमची घडण जस्ताच्या जवळची, म्हणून तें जस्ताच्या दारानें आंत शिरतें. सोमल फॉस्फेटच्या वाटेनें येतो. बहुतेक झाडें असला आगंतुक मुळांतच अडवून धरतात. थोडीं झाडें मात्र त्याला खोडांतून पानांपर्यंत नेतात आणि पानाच्या पेशींतील एका बंद कोठींत कोंडून ठेवितात. विष घरांतच असतें, पण कुलुपांत असतें. म्हणून झाड मरत नाहीं.

अशा झाडांची ओळख जुनी आहे. इटलींतील टस्कनी प्रांतांत काळ्या खडकांवरच उगवणाऱ्या एका लहानशा फुलझाडाची नोंद १५८३ सालीं चेसाल्पिनो या वनस्पतिशास्त्रज्ञानें करून ठेविली होती. तें झाड तेथेंच कां उगवतें याचें उत्तर १९४८ सालीं मिळालें. त्याच्या वाळलेल्या पानांत शेंकडा पाऊण भागाहून अधिक निकेल सांपडलें. पॅसिफिक महासागरांतील न्यू कॅलेडोनिया बेटावर एक वृक्ष आहे. त्याचा चीक निळसर हिरवा असतो, कारण वाळलेल्या चिकाचा जवळजवळ चौथा हिस्सा निकेलचा असूं शकतो. २००१ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा येथें असें आढळलें कीं, ‘टेरिस व्हिटाटा’ नांवाचा नेचा मातींतला सोमल मोठ्या प्रमाणांत पानांत सांठवितो. हा नेचा परका नव्हे. भारतांत जुन्या चुन्याच्या भिंतींच्या सांधींतून तो उगवलेला दिसतो; पावसाळ्यांत तो उपटून टाकणाऱ्यास त्याच्या अंगच्या या गुणाची कल्पनाहि नसते.

देशी झाडांच्या अशा गुणांची परीक्षा चेंबूरच्या शेजारीं, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांतहि झाली आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं रुई आणि वाळा हीं दोन घरोघर माहीत असलेलीं झाडें निवडलीं. किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम आणि सीझियम हे धातु ज्यांत विरघळविले आहेत, अशा पाण्यांत रोपांचीं मुळें सोडून ठेविलीं. स्ट्रॉन्शियमची घडण कॅल्शियमसारखी आणि सीझियमची पोटॅशियमसारखी असल्यामुळें झाड दोन्ही उचलील, हा त्यामागचा तर्क होता. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या रुईवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, पाण्यांतील स्ट्रॉन्शियमपैकीं शेंकडा ९० भाग २४ तासांत नाहींसा होऊन झाडांत गेला; सीझियमचा मात्र सात दिवसांत शेंकडा ४४ भागच उचलला गेला. वाळ्यावरील प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें सात दिवसांत स्ट्रॉन्शियमचा शेंकडा ९४ व सीझियमचा शेंकडा ६१ भाग झाडानें घेतला.

रस्त्याच्या कडेला कोणी न लावतां उगवणाऱ्या आणि शनिवारीं मारुतीच्या गळ्यांत पडणाऱ्या रुईनें असें काम करावें, ही गोष्ट मोठी आशादायक आहे. परंतु या प्रयोगांविषयीं एक गोष्ट विसरतां कामा नये. ते पाण्यांत झालेले आहेत. पाण्यांत धातु मोकळा असतो, मुळाला सर्व बाजूंनीं भिडतो. मातींत तोच धातु चिकणमातीच्या कणांना आणि कुजलेल्या पाल्याला घट्ट धरून बसलेला असतो. शिसें तर विशेषच हट्टी आहे. बहुतेक जमिनींत तें मुळाच्या हातीं फारसें लागतच नाहीं.

याचा अर्थ काय होतो तें साध्या त्रैराशिकानें समजेल. एक हेक्टर जमिनीचा वरचा २० सेंटिमीटरांचा थर घेतला तर त्या मातीचें वजन सुमारें २,६०० टन भरतें. समजा, तींत दर किलोमागें १०० मिलिग्रॅम शिसें जास्त आहे. म्हणजे एकंदर २६० किलो शिसें काढावयाचें आहे. समजा, त्या हेक्टरांत वर्षाला ५ टन वाळलेलें पीक येतें, आणि त्या पिकांत दर किलोस १०० मिलिग्रॅम शिसें चढतें, हा अंदाज शिशाच्या बाबतींत उदारच म्हणावा लागेल. तरी वर्षाकाठीं निघणार अर्धा किलो. म्हणजे सारें शिसें निघावयास ५२० वर्षें पाहिजेत. उलट, इटलींतल्या त्या फुलझाडासारखें शेंकडा एक भाग निकेल घेणारें झाड तितकेंच पिकलें, तर वर्षाला ५० किलो निकेल निघून पांच-सहा वर्षांत काम होईल. तेव्हां ‘झाड माती धुतें का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाहीं. कोणता धातु, किती, कोणत्या मातींत आणि कोणतें झाड, हें ठरल्यावांचून हिशेब मांडतां येत नाहीं.

म्हणूनच खाणींच्या जमिनींवर काम करणारे लोक पुष्कळदां धातु उपसून काढण्याचा नाद सोडतात आणि त्याला जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम झाडांकडे देतात. महाराष्ट्रांतील याचें चांगलें उदाहरण नागपूर जिल्ह्यांतील गुमगांवच्या मँगनीज खाणीचें आहे. खनिज काढून उरलेल्या दगडमातीचे तेथें उघडे ढीग होते. त्यांत सेंद्रिय अंश जवळजवळ नाहीं, पाणी टिकत नाहीं, वर विदर्भाचें ऊन. अशा जागीं गवतहि धड रुजत नाहीं. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, म्हणजे नीरीनें, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत येथें एक पद्धत वापरली. साखर कारखान्यांतून निघणारी मळी ढिगांत मिसळली. हवेंतील नत्र धरणारे जंतु आणि मुळांशीं सहवास करणारी उपयोगी बुरशी रोपांच्या मुळांशीं घातली. आणि सागासारखीं त्या मुलखांतलींच झाडें लावलीं. मळीनें झाडांना अन्न मिळालें आणि मोकळे धातु बांधलेहि गेले. जेथें कांहीं उगवत नव्हतें तेथें रान उभें राहिलें. मँगनीज तेथून गेलें नाहीं. पण त्याचें वाऱ्याबरोबर उडणें आणि पावसाबरोबर वाहणें आवरलें गेलें.

हें आवरणें किती मोलाचें आहे तें गोव्यांतील शेतकऱ्यास विचारावें. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजाच्या ढिगांवरची लाल माती पावसाळ्यांत ओढ्यांत उतरून खालच्या भातखाचरांत बसल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षें होत आल्या. उघडा ढीग ही जागेपुरती आपत्ति राहत नाहीं. पहिल्या मोठ्या पावसांत ती शेजाऱ्याची होते. देशी झाडांचा आग्रह धरण्याचें कारणहि यांतच आहे. चार महिने मुसळधार पाऊस आणि आठ महिने कोरडें ऊन हा येथील ऋतूंचा शिरस्ता त्यांच्या अंगवळणीं पडलेला असतो. खत-पाण्याची रोजची मिजास त्यांना लागत नाहीं, आणि लावणारांचा उत्साह सरल्यावरहि तीं जगूं शकतात.

चेंबूरला असें एक रान निसर्गानें आधींच दिलेलें आहे. तें म्हणजे ठाण्याच्या खाडीच्या कांठचीं तिवरें. शहराच्या नाल्यांतून येणारा गाळ त्यांच्या मुळ्यांच्या जाळ्यांत अडतो, आणि त्या गाळाबरोबर पुष्कळसे धातुहि तेथील काळ्या चिखलांत बसतात. तो चिखल न हलविला तर धातु बहुतांशीं तेथेंच राहतात. तिवरें तोडून चिखल उपसला म्हणजे खाडीची अनेक वर्षांची ठेव एकदम मोकळी होते. झाडें लावण्याच्या समारंभांना जेवढी गर्दी जमते, तेवढी असलेलीं झाडें राखण्यास जमत नाहीं. धातूंच्या हिशेबानें पाहिलें तर राखण्याचें काम अधिक किफायतीचें आहे.

आतां घरगुती धोक्याकडे वळूं. ज्या गुणामुळें झाड जमीन धुतें, त्याच गुणामुळें तें ताटांत आलें तर घात करतें. मोहरीचें झाड शिसें व कॅडमियम उचलण्याच्या प्रयोगांत जगभर वापरलें गेलें आहे. आणि मोहरीच्या कुळांतील पाला हा उत्तर हिंदुस्थानांत आवडीची भाजी आहे. पालक, माठ यांसारख्या पालेभाज्या आणि मुळ्यासारखीं कंदमुळें फळभाज्यांपेक्षां धातु अधिक घेतात. मुंबईंत लोहमार्गाच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालेभाजीचे हिरवेगार वाफे पाहिले नाहींत असा मनुष्य विरळा. भाजीचा हिरवेपणा ही तिच्या शुद्धतेची साक्ष नव्हे. कॅडमियम पानांत भरलें तरी पान तजेलदार दिसूं शकतें, आणि पान धुतल्यानें वरची धूळ जाते, आंतला धातु जात नाहीं.

वाळ्याच्या बाबतींत तर महाराष्ट्रीय घराला विशेष जपावयास पाहिजे. शिसें, क्रोमियम यांसारखे जड धातु वाळा मुख्यतः मुळांत अडवितो. पात्यांत ते थोडेच चढतात. म्हणून परदेशांत खाणींच्या जमिनींवर लावलेल्या वाळ्याचीं मुळें जमिनींतच राहूं देतात, आणि त्यांच्याविषयीं कोणाला फारशी चिंता वाटत नाहीं. येथें मात्र वाळ्याचें मोल मुळांतच आहे. उन्हाळ्यांत तीं पिण्याच्या पाण्याच्या माठांत पडतात, त्यांचें सरबत होतें, ताटी होते, अत्तर निघतें. कचराभूमीवर किंवा नाल्याकांठीं जमीन धरून ठेवण्यासाठीं लावलेला वाळा कोणी गरजेपोटीं उपटून बाजारांत आणला, तर ज्या मुळांनीं विष अडवून धरलें तींच मुळें तें घराच्या माठांत नेऊन सोडतील. या दृष्टीनें रुई अधिक सुरक्षित होय. तिचा चीक विषारी असल्यामुळें माणूस ती खात नाहीं आणि गुरें सहसा तिला तोंड लावीत नाहींत. तिच्यांत सांठलेला धातु अन्नाच्या साखळींत शिरण्याची भीति कमी.

दुसरा धोका आगीचा. जमिनींतला धातु झाडांत चढला, झाड कापून ढीग केला, आणि कोणी त्याला काडी लावली, तर झाड जळेल. धातु राखेंत आणि धुरांत राहील. जानेवारी २०१६ मध्यें देवनारच्या कचऱ्यास लागलेल्या आगीचा धूर चेंबूरकरांनीं दिवसचे दिवस घेतला आहे. उघड्यावर जाळणें म्हणजे काय, हें त्यांना निराळें सांगावयास नको. अशा झाडांची कापणी बंद भट्टींत जाळून तिची राख सुरक्षित ठिकाणीं पुरावी लागते. हा खर्च हिशेबांत धरला नाहीं तर सारी योजना मळ एका खोलींतून दुसऱ्या खोलींत लोटण्यासारखी होते.

सामान्य कुटुंबानें करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. जुन्या भरावाच्या किंवा कारखान्याजवळच्या जमिनींत भाजी लावण्यापूर्वीं मातीची धातूंसाठीं परीक्षा करून घ्यावी. परीक्षा होईपर्यंत कुंड्यांत अथवा उंच वाफ्यांत बाहेरची चांगली माती घालून लागवड करावी. माती आंबट असली तर बहुतेक जड धातु अधिक मोकळे होतात. चुन्यानें तिचा आंबटपणा मोडला आणि भरपूर कुजलेलें खत घातलें तर ते बांधले जातात. मुलें मातींत खेळून आलीं कीं जेवणापूर्वीं त्यांचे हात धुवावे, कारण शिसें भाजीपेक्षांहि धुळीच्या वाटेनेंच मुलांच्या पोटांत अधिक जातें.

नगराच्या पातळीवरचा प्रश्न याहून मोठा आहे. देवनार येथें साचलेला सुमारें १८५ लाख टन जुना कचरा उपसून वेगळा करण्याच्या कामासाठीं मुंबई महानगरपालिकेनें २०२५ सालीं निविदा मागविल्या. कचरा उचलला गेला तरी त्याखालच्या मातींत शंभर वर्षांचा पाझर मुरलेला असणार. अशा मोकळ्या झालेल्या जमिनीवर हिरवळ करण्याचे बेत निघतील, आणि त्यांत वाईट कांहींच नाहीं. नागरिकांनीं मात्र तीन प्रश्न विचारल्यावांचून राहूं नये. या मातींत कोणते धातु किती आहेत, हें मोजलें आहे काय? लावलेल्या झाडांची कापणी कोठें जाणार आहे? आणि दहाव्या वर्षीं त्या झाडांकडे कोण पाहणार आहे? या प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून मिळालीं, तर रुई आणि तिवर आपलें काम मुकाट्यानें करीत राहतील. तीं न मिळालीं, तर हिरवळीखालीं जमीन होती तशीच राहील, आणि तिच्यावर खेळणाऱ्या मुलांना तें कोणीं सांगितलेलें नसेल.